टायग्रिसकाठची पत्रं : प्रस्तावना

पहिलं महायुद्ध कसं संपलं हे सांगताना आपण थेट व्हर्सायच्या आरसेमहालात जातो. २८ जून १९१९ रोजी तिथे तह झाला. हिंदुस्थानच्या वतीने त्यावर भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. गंगासिंहांचं उंटदळ इजिप्तच्या आघाडीवर लढलेलं, म्हणजे सही करणाऱ्या दोघांपैकी एकाला तरी रणभूमी माहीत होती. पण हिंदुस्थानला त्या तहाच्या बैठकीत जागा मिळाली ती दहा लाखांहून अधिक शिपाई, हमाल, खेचरवाले आणि डॉक्टरांच्या जिवावर. हे युद्ध कशासाठी चाललं आहे, ते संपल्यावर काय उरेल, याबद्दल त्यांना काय वाटत होतं, याची नोंद त्या तहात कुठेच नाही.

त्यांना वाटत मात्र खूप होतं. लढाई चालू असताना, निकाल लागायच्या कितीतरी आधी, त्यांतले काही जण हा विचार करत होते आणि लिहूनही ठेवत होते. हे पुस्तक त्या लिखाणाचं आहे. त्यातही त्याचा मोठा भाग एका माणसाच्या पत्रांचा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे कलकत्त्याचे डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी. १९१५ साली ते फौजेबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. कूतच्या वेढ्यात सापडले, तुर्कांचे युद्धकैदी झाले आणि मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐनच्या छावणीत तापाने वारले. कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं १९२८ साली ‘कल्याण-प्रदीप’ या बंगाली पुस्तकात छापली गेली. हे पुस्तक लिहिलं त्यांच्या आजीने. मोक्षदादेवी स्वतः कवयित्री, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी. वयाच्या ऐंशीच्या घरात ही बाई नातवाच्या पत्रांभोवती एका सबंध मोहिमेची हकीकत गुंफायला बसली. घरातला माणूस गेल्यावर त्याचे कागद ट्रंकेत बांधून ठेवणं ही आपल्याकडची रीत. मोक्षदादेवींनी ते कागद उलगडून, त्यांतल्या गावांची आणि लढायांची संगती लावून ते लोकांपुढे ठेवले. त्यांनी हे केलं नसतं तर या संग्रहाचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.

कल्याणकुमारांच्या पत्रांत ऊन आहे, माश्या आहेत, चिखल आहे, जखमी आहेत, आईने काळजी करू नये म्हणून लिहिलेली वाक्यं आहेत. त्यात ऑक्टोबर १९१५ चं एक पत्र मात्र वेगळं उभं राहतं. ते आईलाच लिहिलेलं आहे, आणि त्यात त्यांनी देशाभिमानावरच बोट ठेवलं आहे. इंग्लंड आपला गुरू, त्याने आपल्याला देशभक्ती शिकवली, असं ते मान्य करतात. पण दुसऱ्याचा मुलूख हिसकावून घेणं, त्यासाठी हजारो माणसं मारणं आणि त्यातून साम्राज्य उभं करणं, यालाच जर सगळी सुधारलेली राष्ट्रं देशभक्ती म्हणून मान देत असतील, तर आज चाललेल्या रक्तपाताचं मूळ तीच आहे, असं ते सांगतात. हाच धडा आपल्याकडच्या तरुणांनी गिरवला आणि ते बाँब फेकू लागले, हेही ते त्याच दमात लिहितात. गच्चीवरून बाँब टाकणारा एकटा पोरगा आणि तोफा डागणारी सबंध फौज, दोघांना हलवणारी प्रेरणा त्यांना एकच दिसते. ही अरुंद देशभक्ती दोन्ही बाजूंनी सुटल्याशिवाय रक्त थांबणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे पत्र वाचताना त्याचा महिना विसरू नये. पराभवाने खचलेल्या माणसाचे हे उद्गार नाहीत. ऑक्टोबर १९१५ मध्ये ही फौज जिंकत होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरल्यापासून बसरा पडलं होतं, एप्रिलमध्ये शैबाची लढाई मारली होती, जूनमध्ये अमारा, जुलैत नासिरिया आणि सप्टेंबरच्या अखेरीस कूत हाती आलं होतं. पुढे बगदाद दिसत होतं. बगदादवर चाल करायला लंडनच्या मंत्रिमंडळाने परवानगी दिली ती याच ऑक्टोबर महिन्यात. विजयाची धुंदी सेनापतीपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना चढली असताना, त्याच फौजेतला एक डॉक्टर निकालाच्या पलीकडे बघत होता. बगदाद मिळालं तरी प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न बगदादचा नाहीच, हे त्याला कळलं होतं. राष्ट्रवादावरची रवींद्रनाथांची जपान-अमेरिकेतली व्याख्यानं १९१६ पासूनची. हे पत्र त्याआधीचं आहे. रवींद्रनाथांपाशी जगाचा श्रोतृवर्ग होता, कल्याणकुमारांपाशी एक आई होती. विचाराचं वजन मात्र दोन्हीकडे सारखं आहे असं मला वाटतं, आणि हा संग्रह काढण्याचं ते पहिलं कारण आहे.

दुसरं कारण आपल्या घराजवळचं आहे. कल्याणकुमार ज्या फौजेबरोबर होते तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ११७ वी शैबाच्या लढाईत होती. पुढे सलमान पाक, मग माघार, मग कूत, हा सगळा रस्ता या तीन पलटणींनी पायी तुडवला. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सावंतवाडीकडची ही पोरं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने या युद्धात ४६ माणसं गमावली, म्हणून त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. कोकणात आणि देशावर अनेक गावांत, शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. पाटीवर आकडा असतो, नावं बहुधा नसतात. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथेही इंग्रज शिपायाचं नाव कोरलं गेलं आणि हिंदी शिपाई त्याच्या पलटणीखाली नुसती संख्या होऊन राहिला. नाव कोरायचं ते फक्त हिंदी अधिकाऱ्याचं. हा भेद उघड होता आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाला त्याची जाहीर कबुली द्यायला २०२१ साल उजाडावं लागलं.

मग या मराठी शिपायांचा विचार कुठे शोधायचा? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पत्र सांगायचं ते दुसऱ्याला, लिहायचं त्याने, वाचायचं आधी पलटणीच्या साहेबाने. गावाकडे ते वाचून दाखवायचं मास्तरांनी. अशा चार माणसांतून जाणाऱ्या कागदावर कुणी पोटातलं सगळं उतरवत नाही. तरीही एक जागा अशी आहे जिथे त्यांचा विचार स्पष्ट ऐकू येतो, आणि ती जागा म्हणजे कूतच्या वेढ्यातलं अन्न.

वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. जवळजवळ पाच महिने. आधी पीठ कमी झालं, मग भाजी संपली. रानातला पाला शिजवून खाताना काहींना विषबाधा झाली. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली तेव्हा इंग्रज शिपायांनी ते मांस घेतलं. हिंदी शिपायांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, बहुतांशी नाकारलं. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात, तरी नाकारलं. टाउनशेंडने तारा करून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली. तरीही एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांचा नकार कायम होता. यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी चिडून बरंच लिहिलं आहे, पण त्यांच्याच लिखाणात शिपायांनी दिलेलं कारणही नोंदलेलं आहे. देवाची भीती हे ते कारण नव्हतं. गावाकडे परत गेल्यावर काय होईल, ही चिंता होती. लोक पंगतीला घेतील का, लेकी देतील का?

मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. उपासमारीने मरायला टेकलेला माणूस लढाईनंतरच्या आयुष्याचा इतका बारीक हिशेब करत होता. व्हर्सायला शांततेचा अर्थ सरहद्दी आणि नुकसानभरपाई असा होता. खंदकातल्या शिपायाला शांतता म्हणजे आपलं गाव, आपली पंगत, आपल्या पोराचं लग्न. ती शांतता आपल्याला परत घेईल की नाही, याचा विचार करून तो उपाशी राहत होता. या निर्णयामागच्या जातिव्यवस्थेचं कौतुक करायचं कारण नाही. तिने त्या माणसांचे जीव घेतले. पण शिपाई विचारच करत नव्हता, हुकूम पाळत होता, असं जे सर्रास लिहिलं जातं ते कूतच्या या एका प्रसंगापुढे टिकत नाही.

सलमान पाकच्या लढाईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं राजकारण तिथून निघालं. २२ नोव्हेंबर १९१५ ला सुरू झालेल्या या लढाईत टाउनशेंडच्या फौजेची साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना हलवायला पुरेशा बोटी नव्हत्या, पट्ट्या नव्हत्या, डॉक्टर नव्हते. जनावरं आणि माल वाहणाऱ्या पडावांवर त्यांना एकावर एक रचून टायग्रिसमधून बसऱ्याकडे पाठवलं गेलं. त्यांतली ‘मेजिदिये’ ही बोट बसऱ्याला आली तेव्हा मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर ती बघत होते. बाजूंवरून दोर लोंबताहेत असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती जखमींची वाळलेली विष्ठा होती. कार्टर गप्प बसले नाहीत. वरिष्ठांनी त्यांनाच दम दिला, तरी ते गप्प बसले नाहीत. अखेर चौकशी आयोग बसला, जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्ट १९१७ ला हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली.

पाठ्यपुस्तकात ही घोषणा घटनात्मक सुधारणांच्या धड्यात येते आणि मेसोपोटेमिया, आलाच तर, युद्धाच्या धड्यात येतो. दोन्हीमधला दुवा त्या पडावांवरची माणसं आहेत. त्यांच्या हालांनी एक मंत्री गेला, दुसरा आला, आणि हिंदुस्थानच्या भवितव्याबद्दल इंग्लंडच्या तोंडून पहिल्यांदाच एक वाक्य निघालं. घोषणेमागे आणखीही कारणं होती, होमरूलची चळवळ होती, रशियातली क्रांती होती. पण हे कारण इतकं मागे पडलं आहे की ते इथे ठळक करणं मी माझं काम समजतो.

आता दुसऱ्या एका कागदाकडे येतो. ११ मार्च १९१७ ला जनरल मॉडच्या फौजेने बगदाद घेतलं आणि आठवड्याभराने जाहीरनामा निघाला : आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. मजकूर लिहिला होता मार्क साइक्स यांनी. याच साइक्सनी आदल्या वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर हा सगळा मुलूख वाटून घेण्याचा गुप्त करार पक्का केला होता. कल्याणकुमार वारले तेही याच महिन्यात. दीड वर्षापूर्वी त्यांनी आईला जे लिहिलं होतं त्याचा पुरावा बगदादच्या भिंतींवर चिकटवला जात होता आणि ते तो बघायला नव्हते.

पत्रांशेजारी या संग्रहात शिशिर सर्वाधिकारी यांच्या ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकावर आधारलेला भाग आहे. शिशिर बंगाल अँब्युलन्स कोअरमधले स्वयंसेवक. तेही कूतला होते, तेही कैदी झाले. डायरीची पानं फाडून त्यांनी बुटात लपवली आणि नंतर ती पुन्हा लिहून काढली. पुस्तक निघालं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. रास-अल-ऐन, अलेप्पो, तिथली इस्पितळं, आर्मेनियन लोकांची वाताहत, हे सगळं त्यात आहे. पण या संग्रहासाठी मला हवा होता तो इस्पितळातल्या तुर्की सहकाऱ्यांशी झालेल्या गप्पांचा भाग. आपण एकमेकांना ओळखत नाही, आपलं वैर नाही, आपापल्या देशात सुखाने राहत होतो, कुणीतरी एक-दोघांनी ठरवलं आणि आपण एका रात्रीत शत्रू झालो, हे त्या तुर्कांचं म्हणणं. कल्याणकुमारांनी जे विचाराने गाठलं ते शिशिरना कैदखान्यातल्या सोबतीतून मिळालं. दोघांच्या स्वभावात खूप अंतर आहे. एक तत्त्व मांडतो, दुसरा माणसं टिपतो, आणि खरं सांगायचं तर वाचक म्हणून मी शिशिरकडे अधिक वेळा परत जातो.

शांतता आली ती कशी आली, हे थोडक्यात सांगितलं पाहिजे. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, आणि अनेक शिपाई परतले ते रिकाम्या घरांत. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा, १३ एप्रिलला जालियनवाला बाग, मे महिन्यात अफगाणिस्तानशी नवं युद्ध. एप्रिल १९२० मध्ये सान रेमोला इराक ब्रिटनच्या ताब्यात देण्याचं ठरलं, उन्हाळ्यात इराकी लोक उठले, आणि तो उठाव मोडायला पुन्हा मोठ्या प्रमाणावर हिंदी पलटणीच वापरल्या गेल्या. ज्या लोकांना मुक्त करायला म्हणून शिपाई गेला होता त्यांच्यावरच त्याला गोळी चालवायला लावलं. तुर्कांशी कायमचा तह व्हायला तर २४ जुलै १९२३ पर्यंत वाट पाहावी लागली.

महाराष्ट्रातही युद्धानंतरच्या काळाकडून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या होत्या. टिळकांचं म्हणणं होतं की माणसं देतो, पण बरोबरीच्या हक्काने : लष्करात अधिकारपदं द्या, स्वराज्याचं वचन द्या. १० जून १९१८ च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हे बोलू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवलं आणि टिळक सभा सोडून गेले. सरकारने मराठ्यांना अधिकारपदांचं आश्वासन दिलं तर पाच हजार जवान मिळवून देतो, या पैजेखातर त्यांनी गांधीजींकडे ५० हजारांचा चेकही पाठवला होता.

पण याहून जास्त मला अस्वस्थ करते ती महार पलटणीची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली होती. ती पुन्हा सुरू करावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दाद लागली नाही. युद्धाने माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. लष्करातली नोकरी म्हणजे पगार, शाळा, पेन्शन, गावात ताठ मानेने चालण्याची सोय. शांतता झाली आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल, म्हणजे दुसरं महायुद्ध यावं लागलं. ज्या शांततेची सगळे वाट पाहत होते ती या माणसांसाठी बडतर्फीचा हुकूम घेऊन आली. युद्ध वाईट आणि शांतता चांगली, एवढ्या सरळ वाक्यात त्यांचा अनुभव बसत नाही, आणि कल्याणकुमारांच्या पत्राशी ताडून बघताना हे लक्षात ठेवावं. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या डॉक्टरला देशाभिमान अरुंद वाटला. ज्याला देशाने पंगतीतच घेतलं नव्हतं त्याला पलटणीचा बिल्ला हाच मोठा आधार वाटला. दोघांचंही खरं होतं.

एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. साम्राज्याच्या पगारावर, साम्राज्याच्या गणवेशात राहून साम्राज्याला दोष देणारं पत्र लिहिणं, याला किती किंमत द्यायची? कल्याणकुमारांनी नोकरी सोडली नाही. बंड केलं नाही. मला वाटतं, किंमत द्यायची ती याचसाठी. त्यांच्यापुढे जखमी पडलेले होते, ते सोडून जाणं हा त्यांच्या दृष्टीने मार्गच नव्हता. त्यांनी मलमपट्टी चालू ठेवली आणि डोळेही उघडे ठेवले. सुरक्षित अंतरावरून युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्यांची कमतरता कुठल्याच काळात नसते. ज्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले आहेत त्याने आपल्याच बाजूचा दोष लिहून ठेवावा, हे क्वचित घडतं.

संग्रहाच्या मांडणीबद्दल थोडं. क्रम सरळ तारखांचा ठेवला आहे. डिसेंबर १९१५ पासून पुढे पत्रांत मोठा खंड पडतो, कारण वेढ्यातून टपाल बाहेर जात नव्हतं, बाहेरच्या जगाशी संबंध बिनतारी यंत्राचाच होता. ही जागा इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींनी भरून काढता आली असती. मी ती कोरी सोडली आहे, कारण त्या महिन्यांतला आवाज उसना आणायचा नव्हता. गावांची नावं आजच्या उच्चारानुसार दिली आहेत, पलटणींचे क्रमांक मात्र १९२२ च्या पुनर्रचनेच्या आधीचे, म्हणजे शिपायांना स्वतःला माहीत असलेले. ऑक्टोबर १९१५ चं पत्र आणि मॉडचा जाहीरनामा यांच्यात दीड वर्षाचं अंतर आहे, तरी तारखांचा क्रम तेवढा मोडून ते समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत. पत्र डावीकडे आहे. ते आधी वाचावं.